भिंतीकडची फुली

नवसाबाईचं कमरेवरचं अंग पिंपात होतं आणि किशोरशेठ तिच्या पायांशी बोलत होता.

"शुक्रवारपर्यंत चाळीस पाहिजेत. चाळीस म्हणजे चाळीस. ऐकू येतंय का?"

"येतंय," पिंप म्हणालं.

"आणि फुल्या जरा हात आखडून मार. मागच्या खेपेला निम्म्या मालावर फुल्या मारून ठेवल्यास. मी इथे धंदा करतोय की पुण्य?"

आतून काथ्या घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला. किशोरशेठने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि मी हसलो. मालकाने डोळा मारला की हसायचं, हे मला ब्रश धरण्याच्या आधीपासून येत होतं.

नाशिकच्या द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर त्याचं दुकान. कारखान्यांतून रिकामी निळी प्लास्टिकची पिंपं यायची. नवसाबाई ती धुवायची, मी त्यांच्यावर 'पिण्याचे पाणी' असं लिहायचो, आणि लग्नवाले, मंडपवाले, भंडारेवाले ती घेऊन जायचे. पिंपात आधी काय होतं, असं विचारणारं गिऱ्हाईक मी नऊ वर्षांत पाहिलं नाही. "पेंटर, अक्षरांचा रंग जाणार नाही ना?" हे मात्र प्रत्येक जण विचारायचा. मुलीच्या लग्नात पाचशे माणसांना काय पाजतोय याची फिकीर नाही, पण अक्षर उठून दिसलं पाहिजे. असल्या लोकांसाठी मी जीव ओतून अक्षरं काढायचो.

मी दत्तू पेंटर. अक्षराला वळण चांगलं, शेडिंग त्याहून चांगलं, आणि कोपऱ्यात बारीक 'दत्तू' अशी सही करायची खोड. पिंपावरसुद्धा करायचो.

नवसाबाई पेठच्या पुढे चिंचपाडा आहे तिथली. नवरा गेल्यावर द्राक्षबागेच्या कामाला म्हणून नाशिकला आली आणि पिंपात अडकली. लिहितावाचता येत नव्हतं, पण नाक असं की लेबल खरवडून आलेलं पिंप नुसतं हुंगून तिला कळायचं. नावं तिची तिने पाडलेली. "हे डोळ्याचं, दोन पान्यांनी जातं. हे घशाचं. हे डोक्याचं, हे नाय जायाचं, ह्याला फुली." आणि एक जात अशी होती की ती हुंगून झाल्यावर बोट फिरवून तळाची पिवळट साय दाखवायची.

"हे कुठंच नाय लागत दत्तूभाऊ. डोळ्याला नाय, घशाला नाय. वास बी असा, की हाय का नाय. हे लय वंगाळ. जे वर कुठं लागत नाय, ते आत जाऊन बसतं."

"आत कुठे?"

ती ओला हात पाठीमागे कमरेवर ठेवायची. मला वाटायचं, वाकून वाकून कंबर धरली असेल.

तिने खडूने फुली मारली की त्या पिंपावर मी 'पिण्याचे पाणी' लिहायचं नाही, ते बांधकामावर नाहीतर नर्सरीत जायचं. नऊ वर्षं हा नियम पाळला गेला. त्यात कुणाची सचोटी नव्हती. फुलीच्या पिंपांनाही गिऱ्हाईक मिळत होतं, एवढंच.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, पुढारी संतोषभाऊंना आदिवासी बांधवांची तहान दिसली. पुढच्या वर्षी निवडणुका होत्या, त्यामुळे नजर साफ झाली होती. पाड्यावर टँकर येतो पण पाणी साठवायला घरात भांडं नाही, तर घराघरात एकेक पिंप सप्रेम भेट द्यायचं, असं ठरलं. पिंप नवं घेतलं असतं तर खर्चाच्या आकड्यानेच भाऊंची तहान लगेच भागली असती. म्हणून ते आमच्याकडे आले.

गुरुवारी संध्याकाळी एकवीस पिंपं साफ उभी होती आणि एकोणिसांवर फुल्या होत्या. किशोरशेठने मजकुराची चिठ्ठी माझ्या हातात दिली. 'संतोषभाऊ मित्रमंडळातर्फे सप्रेम भेट. पिण्याचे पाणी. चिंचपाडा, ता. पेठ.'

"शेठ, हा नवसाबाईचा पाडा आहे."

"मग चांगलंच की. घरच्या माणसाच्या हातचं धुतलेलं."

"पण एकोणीस..."

"निवडणुकीचे सगळे बोर्ड भाऊ तुला देणारेत. मी शब्द टाकलाय. एकोणीस फुल्यांपायी घालवतोस का बोल, दुसरे पेंटर काय मेले नाहीत."

खडूची फुली पुसायला काही लागत नाही. ओलं फडकं फिरवलं की गेली. समोरच्या टपरीवरून मागवलेला चहा यायच्या आत माझ्या एकोणीस पुसून झाल्या होत्या. हात थरथरला वगैरे काही नाही. अशा वेळी हात थरथरतो असं लोक सांगतात, ते सगळे खोटं बोलतात.

मी लिहायला बसलो तेव्हा नवसाबाई पदराला हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"ह्यांच्यावर काय लिवताय? ही तर फुलीची."

"नर्सरीचं. झाडांसाठी जातायत."

"मंग चांगलं मोठं लिवा. न्हाईतर कुनी पियील."

मी मोठं लिहिलं. नऊ वर्षं तेच दोन शब्द बघून तिला आकार ओळखू येत असेल, या भीतीने अक्षरं तिरकी काढली, लाल-पिवळं शेडिंग घातलं, खाली वेलबुट्टी काढली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम ते. "झाक दिसतंय," ती म्हणाली आणि दुसऱ्या पिंपात वाकली.

ट्रक गेला. पेपरात फोटो आला. भाऊ तांब्याने पिंपात पाणी ओतत होते आणि मागे बायका डोक्यावर पदर घेऊन ऊन सोसत उभ्या होत्या.

मे महिन्यात नवसाबाईचं तोंड सुजलं. आधी पाय सुजायचे, ते लुगड्याखाली झाकले जात. सुजलेल्या तोंडाची बाई दुकानात बरी दिसत नव्हती, म्हणून किशोरशेठने मला तिच्याबरोबर दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरने रिपोर्ट बघितले.

"दोन्ही किडन्या आक्रसल्यात. हे आजचं नाही, वर्षानुवर्षं चाललंय. काय काम करता?"

"डरम धुते."

"म्हणजे घरकाम," असं म्हणत त्याने तसं लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो. तोंड उघडायला हरकत नव्हती. उघडलं नाही.

यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागेल, आठवड्यातून दोनदा, असं त्याने सांगितलं. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसून हसली. "रगत बी धुत्यात? आन ते कोन धुतं, दत्तूभाऊ? बाईच आसंल." मग म्हणाली, "मी जाते भावाकडं. आता वाकवत बी नाय."

चौथ्या दिवशी ती जीपने परत आली. मी दुकानाचा बोर्ड रंगवत शिडीवर होतो.

"खाली ये," ती म्हणाली.

नऊ वर्षांतलं 'तुमी' गेलं होतं. मी उतरलो.

"वहिनीनं तांब्या पुढं केला आन मी हुंगला. त्येच. कुठंच नाय लागत त्ये. माझ्या हातनं फुली मारलेलं." श्वास घेण्यासाठी ती थांबली. "झाडांचं म्हनालास."

"शेठने सांगितलं म्हणून मी..."

"शेठचं मला ठावं हाय. मी शेठला इचारलंच न्हवतं. तुला इचारलं व्हतं."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलटून बोलता येतं. ती नुसती माझ्या रंगांच्या डब्यांकडे बघत होती.

"खडू पुसतोस तू. जो पुसला जात नाय तो रंग दे."

मी तिला लाल ऑइलपेंटचा अर्धा डबा दिला आणि एक जुना ब्रश. आणि वर सांगितलं, "काम झालं की ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेव, नाहीतर कडक होतो." इतकं सुचत होतं मला. तिच्याबरोबर जावं, हे सुचलं नाही. बोर्ड अर्धा राहिला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानात फोन आला. किशोरशेठने रिसीव्हर ठेवला. "गेली तुझी नवसाबाई. आता असं नाक कुठे मिळायचं?" मग जरा विचार करून म्हणाला, "नाही मिळालं तरी चालेल म्हणा."

मी तिच्या दिवसकार्याला गेलो. कबुली द्यावी असं मनात होतं, देईनच असं नव्हतं. जीपने पाड्याच्या तोंडाशी सोडलं. चाळीसेक घरं, आणि प्रत्येक घराच्या कुडाला टेकून एक निळं पिंप. संतोषभाऊंचं नाव उन्हात झळकत होतं. मी लाल फुल्या शोधत चाललो. एकाही पिंपावर फुली नव्हती. राहिलं असेल बिचारीचं, अंगात ताकद कुठे होती, असं मी मनाशी म्हणालो. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

तिच्या भावाचं नाव पुंजा. त्याच्या ओटीवर सात-आठ माणसं बसली होती. दारातून आत कोपऱ्यात मेलेल्या माणसासाठी लावलेला दिवा दिसत होता आणि दिव्याजवळ पाण्याची लहान वाटी. पुंजाची बायको फुलाबाई हिने मला गोधडी टाकून दिली. दाराशीच यांचं पिंप होतं. वेलबुट्टी, शेडिंग, कोपऱ्यात 'दत्तू'. आणि पिंप आणि कूड यांच्या मधल्या बोटभर फटीत काहीतरी लाल दिसलं.

मी वाकून पाहिलं. फुली होती. जाड, वेडीवाकडी, रंगाचे ओघळ खालपर्यंत आलेले.

"ही अशी मागे का?" मी विचारलं.

"लय तऱ्हेवाईक झाली व्हती शेवटाला," फुलाबाई म्हणाली. "दोन दिस नुसती घरोघर पिंपं हुंगत फिरली. ज्याला त्याला मागच्या मोकळ्या बाजूला फुल्या, आन ती बाजू पुढं केलेली. पिऊ नका, पिऊ नका. नवी कोरी पिंपं, भाऊंनी दिलेली. त्यांची मानसं आली तं काय म्हनतील? मंग ती निजली का आमी पिंपं फिरवून ठेवली. पुढनं नाव दिसतं, बरं वाटतं."

"आन आमच्या घरचं पानी तिनं त्वांडात घेतलं नाय," पुंजा म्हणाला. त्याच्या बोलण्यात अजून राग होता. "भावाच्या घरचं. सुजल्या पायांनी झिऱ्यावर जायची. खाली वढ्यात उकरलाय, तितं वाटीनं भरत बसायची. मरायच्या आदल्या दिशी बी गेली. शहरात ऱ्हाऊन आमी वंगाळ झालो तिला."

फुलाबाईने पिंपाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या. उनाचं आलाय."

मी तांब्या हातात घेतला. पाणी निवळशंख होतं. मी हुंगलं. मला काहीच वास आला नाही. माझं नाक साधं. तांब्या तसाच धरून मी बसलो. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. असं बघायची त्यांना सवय असावी. शहरातून आलेला माणूस आपल्या घरचं पाणी पितो की नाही, हे त्यांनी पुष्कळदा बघितलं असणार.

"आमच्या हातचं चालत नसंल तुमाला," पुंजा शांतपणे म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."

आयुष्यभर मी लोकांना मनातल्या मनात तुच्छ लेखत आलो होतो. गिऱ्हाइकांना, भाऊंना, किशोरशेठला. ज्यांना तुच्छ लेखत नव्हतो, अशा या एका घरात तेवढा तो आरोप माझ्यावर आला. तो मला सहन होईना.

"पुंजाभाऊ, तसं नाही. ह्या पिंपावर तिने इकडे यायच्या आधीच फुली मारली होती. खडूची. ती मी पुसली. हे नाव पण मीच लिहिलंय. ती खरं सांगत होती. असली पिंपं धुऊनच ती गेली. एकोणीस पिंपांत ते आहे. पिऊ नका."

कुणी उठून माझ्या कानाखाली मारली नाही. पुंजा पिंपाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"मंग भरायचं कशात?"

तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. टँकर गुरुवारी येणार होता आणि त्या दिवशी सोमवार होता. घरात एक हंडा आणि दोन कळशा. जीपमधून येताना मी कबुलीची सगळी वाक्यं जुळवून आणली होती. या प्रश्नाचं उत्तर आणलं नव्हतं.

फुलाबाईने माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. मग पिंपाचं झाकण बाजूला करून तिने ते पाणी सांडू न देता हळूच पिंपात परत ओतलं, झाकण ठेवलं आणि आत जाऊन दिव्याची वात सारखी केली.

"तिला तेवढं झिऱ्याचं ठेवलंय," वाटी नीट ठेवत ती म्हणाली. "ह्यातलं ती पियाची नाय."