न शिवलेली थैली

मोठ्याबाईंना आकड्यांचं भय कधी वाटलं नव्हतं. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम तीन वर्षं पाहिलं, पण शिलाईच्या दुकानाचा पन्नास वर्षांचा हिशेब त्यांनी वही न उघडता सांभाळला होता. गिऱ्हाइकाचं कापड शिवून जो तुकडा उरेल त्याची एक छोटी थैली शिवायची, तिला दोरी ओवायची आणि त्या गिऱ्हाइकाचे पैसे तिच्यात टाकायचे. कपाटात हात घातला की बोटांनाच कळायचं, ही खरखरीत थैली शाळेच्या गणवेशांची, ही गुळगुळीत बँकेतल्या साहेबाची. मालकीणबाईंना वाचता येत नाही असं कुणी म्हणालं की त्या विचारायच्या, "तुला वाचता येतं ना? मग गेल्या वर्षी तुझी उधारी किती होती ते सांग बरं."

म्हणून लेकानं आणि सुनेनं मोठ्याबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्यानिमित्त चौघांची सात दिवसांच्या क्रूझची तिकिटं काढली, आणि वरच्या खर्चाचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वरचा खर्च माझ्याकडे. तुम्ही दोघं हात सैल सोडता." आणि त्या कात्री-दोरा घेऊन थैल्या शिवायला बसल्या.

शनिवारची दुपार होती. दुकान अर्ध्या दिवसानं बंद झालेलं. दुकानाच्या माथ्यावरच घर; जेवणाच्या टेबलावर सुनेनं लॅपटॉप उघडला होता. ती शाळेच्या कचेरीत कामाला, त्यामुळे खर्चाची यादी वाचण्यात तिचा हात कुणी धरला नसता. लेक लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून नुकताच आलेला, केळं सोलत बसला होता. मास्तर, म्हणजे मोठ्याबाईंचे यजमान, खाली दुकानात होते. क्रूझवर घालायला स्वतःची पँट बेततो म्हणाले होते.

"पहिली टिप, वाढप्यांची बक्षिसी," सून म्हणाली. "माणशी रोजची. न विचारता कापतात."

"न विचारता? खिशात हात घालून?"

"कार्डावरून, आई. जहाजावर रोख चालतच नाही. सगळा खर्च एका कार्डावर. शेवटच्या दिवशी बिल दाराखालून सरकवतात."

"म्हणजे सात दिवस मजा मारायची आणि आठव्या दिवशी कळणार, घर विकायचं की दुकान. बरं, शर्ट किती?"

मोठ्याबाईंना कुठलाही खर्च शर्टांच्या शिलाईत सांगावा लागे. सुनेला आता सवय झाली होती. तिनं भागाकार केला. "नव्वद शर्ट."

"काज-बटणासकट?"

"सगळ्यासकट."

"वाढपी आहे की जावई?" असं म्हणून त्यांनी निळ्या रेघांची थैली पुढे ओढली. "पुढे बोल."

"इंटरनेट, तीस शर्ट."

"नको. भर समुद्रात फोन कुणाला करायचाय? माशांना?"

लेक फिस्सकन हसला. "आई, मला ऑफिसातून फोन येतो."

"मेल्या, सात दिवस लिफ्ट बंद पडली तर लोक जिन्यानं चढतील. पोटं कमी होतील तेवढीच. पुढे."

"बंदरावर उतरून फिरायचं. त्यांच्या बसनं दोन ठिकाणं मिळून एकशे तीस शर्ट. आपल्या पायानं गेलं तर फुकट."

"आपल्या पायानं," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि सुई बोटात टोचावी तशा थांबल्या.

कुणाच्या पायानं?

त्यांनी खिडकीकडे पाहिल्यासारखं केलं. तीन आठवड्यांपूर्वी मास्तर बेतायच्या टेबलाशी उभे होते, कात्री कापडात अर्धी गेलेली, आणि हातातून वस्तू सुटावी तसे ते खाली गेले. आवाजसुद्धा झाला नाही. बाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी मारलं, नाव घेऊन हाका मारल्या. एरवी त्या नवऱ्याचं नाव कधी घेत नसत. मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर कापड वाया गेलं का. मग हात धरून म्हणाले, "मुलांना बोलायचं नाही. माझी शपथ आहे."

तेव्हापासून मोठ्याबाईंचा जीव टांगणीला लागला होता. मास्तर मोरीत गेले की या दाराबाहेर टॉवेलाच्या घड्या घालत उभ्या. ते जिना उतरले की या वरून पावलं मोजत. दुपारी त्यांचा डोळा लागला की छाती वर-खाली होते का ते बघत. आणि मुलांसमोर जीभ नेहमीपेक्षा दुप्पट चालवत, म्हणजे कुणाला काही विचारायची फुरसतच मिळू नये.

"आता महत्त्वाचं," सून म्हणाली. "विमा. आज सहाच्या आत अर्ज गेला पाहिजे. किती शर्ट सांगू?"

"सांगू नकोस. ती थैली मी शिवणार नाही."

"आई!"

"तुला माहीत आहे. आपल्या घरात आजारपणाच्या नावानं पैसे बाजूला काढत नाहीत."

हे खरंच होतं. फार वर्षांपूर्वी सासऱ्यांना खोकला झाला. नव्या सुनेनं, म्हणजे मोठ्याबाईंनीच, शहाणपणा करून औषधपाण्यासाठी पांढऱ्या मांजरपाटाची एक थैली शिवली. दीड महिन्यात थैलीही रिकामी झाली आणि खाटही. सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून पांढरं मांजरपाट घरात आलं नाही आणि आजारपणासाठी दमडी वेगळी निघाली नाही. आजारपण आलं की इतर थैल्यांतून उचलायचं, गणवेशांतून, पडद्यांतून, पण त्याच्यासाठी जागा करून ठेवायची नाही. मोठ्याबाई सगळ्यांना तोंडावर बोलत, पण या एका गोष्टीला घाबरत. आणि आता तर त्यांना वाटत होतं, की त्यांनी सुईत दोरा ओवला तरी खाली काहीतरी धपकन पडेल.

"थैली शिवू नका," सून समजुतीनं म्हणाली, "पण ऐका तरी. जहाजावरच्या डॉक्टरनं नुसती नाडी बघितली तर चाळीस शर्ट. आणि माणूस फारच अत्यवस्थ झाला तर हेलिकॉप्टर बोलावतात. त्याचे..." तिनं पडद्यावर भागाकार केला आणि पुन्हा करून पाहिला.

"सांग."

"नऊ हजार."

लेकाचं केळं हातातच राहिलं. चांगल्या दिवसांतसुद्धा मास्तर रोजचे आठ शर्ट बेतायचे. नऊ हजार म्हणजे सुट्टी न घेता तीन वर्षं. आणि तेवढे शर्ट बेतणारा माणूसच तिथं त्या हेलिकॉप्टरमध्ये आडवा असणार.

"आणि ते यायला वेळ किती लागतो?" त्यांनी विचारलं.

"जहाज किती आत आहे त्यावर. कधी कधी येतच नाही म्हणे. वारा असला तर."

"बरं," मोठ्याबाई म्हणाल्या. "दोरी संपली. खालून आणते."

दोरीचं रीळ त्यांच्या मांडीवरच होतं. सुनेनं ते पाहिलं, पण सासूला उलट विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

दुकानात शटर अर्धं ओढलेलं. मास्तर बेतायच्या टेबलाशी पाठमोरे उभे होते. बाईंची चाहूल लागताच त्यांनी काहीतरी टेबलाखालच्या चिंध्यांच्या पेटीत कोंबलं. आठ वर्षांच्या पोरानं फुटका कप लपवावा तसं.

"काय आहे ते?"

"चिंध्या."

"चिंध्या मलाही ओळखता येतात." त्यांनी वाकून ओढलं. फिकट चौकड्याचं चांगलं कापड होतं. चौकडा जुळावा म्हणून मास्तर असलं कापड दुहेरी न घालता एकेरी बेतत; एक पाय कापायचा, मग तो उलटा ठेवून दुसरा. मोठ्याबाईंनी पँटचे पुढचे दोन तुकडे टेबलावर पसरले. दोन्हींची सुलट बाजू वर करून एकावर एक ठेवले. नीट बसले. तसे बसायला नको होते.

दोन्ही डावे पाय होते.

शिकाऊ पोरगासुद्धा पहिल्या महिन्यात एकदाच अशी चूक करतो आणि कान उपटून घेतो. या माणसानं पन्नास वर्षांत आमदार, हमाल, नवरदेव, सगळ्यांचे पाय बेतले होते. डोळे मिटून बेतले असते.

"केव्हा?"

"आत्ताच. लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठं होतं?"

मास्तर खडू हातात फिरवत राहिले. डाव्या हातातून तो निसटला, घरंगळत गेला. दोघांनीही उचलला नाही.

"अगं, तू वर काही बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "तू बोललीस की डॉक्टर, की तपासण्या, की तो गाढव तिकिटं परत करणार. मला जायचंय. पन्नास वर्षं या भिंतीकडे तोंड करून उभा आहे. एकदा असं उभं राहायचंय की समोर काही म्हणजे काही नको."

"आणि पडलात तर? समोर पाणीच आहे. दुसरं काही नाही."

"तुझ्याजवळच उभा राहीन की."

"माझ्याजवळ पडून काय उपयोग? मी काय गादी आहे? अहो, मागच्या वेळी मी होते म्हणून काय केलं मी? पाणी मारलं. पाणी! तेवढंच येतं मला."

मास्तर हसले. त्या हसण्याचीच बाईंना सगळ्यात जास्त भीती वाटली. तोंडाची एकच बाजू वर गेली, की उजेडच तसा होता, ते त्यांना कळेना.

जिना अठरा पायऱ्यांचा. त्या चढताना मोठ्याबाई दोनदा थांबल्या. बोललं तर शपथ मोडते आणि या माणसाचं एवढं एकच मागणं आपल्या हातानं मोडतं. न बोललं तर सात दिवस, चारी बाजूंनी पाणी, आणि वारा असला तर येतच नाही. काय करावं हे त्यांना समजत होतं. पण ते करायला तोंड उघडावं लागणार होतं, आणि जी थैली शिवायचीच नाही असं ठरवलं तिची गाठ त्यांनाच मारायला लागणार होती.

वर सून अर्जाशी बसली होती. "आई, मी विम्याचं भरतेच आहे. रागवा हवं तर. सगळीकडे 'नाही' टाकलंय. हृदयविकार नाही, चक्कर नाही, बेशुद्ध पडणं नाही. फक्त बटण दाबायचं."

"थांब."

"पैसे मी देते, थैलीतून नको."

"थांब म्हणते ना! बाबांच्या नावापुढचं पुस."

सुनेचं बोट हवेतच राहिलं.

"'हो' लिही," मोठ्याबाई म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. टेबलाशी उभे होते, खाली पडले. मिनिटभर हाकेला ओ नाही. आणि आता खाली दोन डावे पाय कापून ठेवलेत."

लेक उठला तेव्हा खुर्ची मागं पडली. "तीन आठवडे? आई, तीन आठवडे तू आमच्यासमोर बसून थट्टा करत होतीस?"

"मग काय रडत बसले असते? तू काय केलं असतंस?"

"डॉक्टरकडे नेलं असतं!"

"मग आता ने. ओरडतोस कशाला, भिंती हलतात."

पाठीमागं पावलं वाजली. मास्तर जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"झालं समाधान?" ते म्हणाले. आणि मग लेकाला, "माझी चप्पल कुठंय बघ."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना शनिवारी सातपर्यंत उघडा असे. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर लसीकरणाची चित्रं, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र गुडगुडत होतं. मोठ्याबाई मास्तरांच्या शेजारी, लेक समोर उभा, सून फोनवर तिकिटांचे नियम वाचत असलेली. पण बोट सरकत नव्हतं. मोठ्याबाई दाराकडे टक लावून होत्या. आतून माणूस बाहेर आला की त्याचा चेहरा वाचत. एक बाई हसत आली. त्यांना तिचा राग आला.

आत एका वेळी दोघांनाच जाऊ देत. मोठ्याबाई उठल्या, लेकाला त्यांनी नुसती मान हलवून खाली बसवलं.

डॉक्टरीणबाई वयानं सुनेएवढ्याच. त्यांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. मास्तरांना दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितलं. डावा हात आपसूक खाली येत गेला. मास्तरांना ते कळलंच नाही. त्यांनी डोळे मिटलेलेच होते. मोठ्याबाई तो हात बघत राहिल्या.

"बेशुद्ध कितीदा झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदा," मोठ्याबाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांपूर्वी. मी तिथंच होते."

मास्तरांनी डोळे उघडले आणि आपल्या चपलांकडे पाहिलं.

"बाबा?" डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं.

"पाच वेळा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"पहिल्यांदा चार महिन्यांपूर्वी. बँकेच्या दाराशी. लोकांनी बसवलं, पाणी दिलं. मग दुकानात, तू बाजाराला गेली होतीस." त्यांनी बायकोकडे न बघताच सांगितलं. "दोनदा जिन्यात."

"कुठल्या जिन्यात?"

"आपल्याच. चढताना नाही. उतरताना."

अठरा पायऱ्या. मोठ्याबाई वरून पावलं मोजायच्या, आणि अठरा झाली की सुटकेचा श्वास सोडायच्या. ज्या दिवसांत त्या मोजत नव्हत्या ते दिवस कोणते होते? त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि सगळेच दिवस तसे दिसायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, फोन उचलला, हलक्या आवाजात चार शब्द बोलल्या. मग म्हणाल्या, "बाबा, आता उठायचं नाही. आहात तसेच बसा. घरी जायचं नाही, इथूनच मोठ्या रुग्णालयात जायचंय. गाडी येते आहे."

"चालत जाईन की," मास्तर म्हणाले.

"चालायचं नाही."

चाकाची खुर्ची आली. ढकलणाऱ्या माणसानं मास्तरांना काखेत धरून अलगद बसवलं, पाय टेकणावर ठेवले, उजवा आणि मग डावा. मोठ्याबाई बाजूनं चालल्या. त्यांनी मास्तरांच्या शर्टाची बाही धरली होती. कधी धरली ते त्यांना आठवेना. बाहेरच्या खोलीत लेक आणि सून एकदम उठून उभे राहिले. गाडीच्या पाठीमागचं दार उघडं होतं, आत पांढरा उजेड.

"आत एकच नातेवाईक. लेक येऊ दे, उचलायला लागेल," तो माणूस म्हणाला. "बाई, तुम्ही पाठीमागून या."

मोठ्याबाई हलल्या नाहीत.

"बाई, बाही सोडा."

मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द नीट जुळला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही. मोठ्याबाईंनी बोटं उघडली. लेक आत चढला, दार लागलं आणि गाडी निघाली.