ओरिन्यालचे सुटे भाग

माझ्या नवऱ्याला, गाएतांला, अस्सलपणाचं वेड लागलं ते साठी उलटल्यावर. त्याआधी माणूस बरा होता. लग्नात कोट भावाचा, बूट शेजाऱ्याचे आणि अंगठी आईची मोडून केलेली. तेव्हा त्याला काही खटकलं नव्हतं. मग तो जुन्या बर्फगाड्यांच्या मंडळाचा सभासद झाला, आणि आमच्या घरात जेवणापेक्षा 'अस्सल' हा शब्दच जास्त वाढला जाऊ लागला.

गाडी माझ्या वडिलांची. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टे, प्लायवूडचं अंग आणि जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. हिवाळ्यात आमच्या गावाचा रस्ता साफ करायला कुणी फिरकत नसे त्या काळात डॉक्टर, पाद्री, शाळेची मुलं, टपाल आणि प्रसंगी शवपेटी, सगळं तळ्यापलीकडे याच गाडीतून जायचं, आणि गाडी हाकायचे माझे बाबा, ओव्हिला. त्यांना गाव ओळखायचं ते त्या गाडीमुळे. वय झालं, हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी गाडी आमच्या शेडमध्ये आणून लावली आणि गाएतांला एवढंच म्हणाले, "हिला सांभाळ."

आता बाबा तळ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात आहेत. कधी मला ओळखतात, कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारतात. मागणी मात्र एकच, आणि ती ते कधी विसरत नाहीत: माझ्या गाडीतून एकदा तळ्यावर चक्कर मारून आणा. तिथल्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे काही करायचं ते याच हिवाळ्यात करा.

करायला फार काही नव्हतंच. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा एक दात तुटला होता. गावातल्या वेल्डरने दुपारभरात जोडून दिला असता. पण मंडळाचे अध्यक्ष वाल्मोर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले, बराच वेळ आतून च्‌ च्‌ असा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी निदान केलं. कारखान्यातून निघाली त्यातलं हिच्यात निम्मंसुद्धा उरलेलं नाही, म्हणाले. आणि ते खरंच होतं. चाकाचे दात बाबांनी जुन्या कुळवाच्या लोखंडातून घडवलेले, बाक पडक्या चर्चमधून आणलेलं, पुढचा पत्रा पावाच्या भट्टीचा. मोडेल ते हाताला लागेल त्या वस्तूने दुरुस्त करायचं आणि सकाळी गाडी बाहेर काढायची, एवढीच बाबांची विद्या.

"कारखान्यातून निघाली होती तशी करून देतो त्यांना," गाएतां म्हणाला. "पहिल्या दिवशी होती तशी."

"बाबांनी ती दोन मालक फिरून आलेली घेतली होती," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी ती कशी दिसायची ते त्यांनाही माहीत नाही."

"यूगेत, तुला यातलं कळत नाही."

हे मात्र खरं. मला गाडी चालते की नाही, एवढंच कळतं.

आणि नवरा कळतो. आमच्या लग्नात बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मुलगा चांगला आहे, फक्त त्याच्या हातात हातोडा देऊ नका." सगळे हसले, गाएतांही हसला. त्यानंतर चाळीस वर्षं तो बाबांच्या तोंडून एका 'शाब्बास'ची वाट बघत होता. कुंपण बांधलं, छप्पर घातलं, नाव रंगवली. बाबा येऊन बघायचे, मान हलवायचे आणि हवेबद्दल बोलायचे. त्यामुळे या गाडीत खरं काय अडकलंय ते मला ठाऊक होतं. बाबांची आठवण पुसून जायच्या आत त्याला तो एक शब्द हवा होता. म्हणून मी गप्प बसले. म्हणजे माझ्या मानाने गप्प.

नोव्हेंबरात त्याने जिल्ह्याच्या पेपरात जाहिरात दिली. इथे आमच्या भाषेची एक गंमत सांगायला हवी. आमच्या फ्रेंचमध्ये 'ओरिजिनाल' म्हणजे अस्सल, आणि 'ओरिन्याल' म्हणजे रानातला तो घोड्याएवढा शिंगाड्या प्राणी, बाहेरचे लोक ज्याला मूस म्हणतात. लिहिताना दोन्हींत फरक फक्त एका 'i' अक्षराचा. गाएतांने जाहिरात स्वतःच्या हाताने लिहिली होती. शुद्धलेखनात हा माणूस शाळेपासूनच स्वतंत्र विचारांचा. जिल्हाभर छापून आलं: 'जुन्या बर्फगाडीसाठी ओरिन्यालचे सुटे भाग हवेत. स्थिती उत्तम असावी.'

नोव्हेंबर म्हणजे शिकारीचा मोसम नुकता संपलेला आणि घराघरातला फ्रीजर भरलेला. पहिला फोन सकाळी न्याहारीलाच आला.

"मागची डावी बाजू आहे, पूर्ण," पलीकडचा माणूस म्हणाला.

गाएतांचे डोळे चमकले. "कुठल्या सालची?"

"सालची? याच ऑक्टोबरची."

"गंज वगैरे?"

"गंज कसला, मस्यू, फ्रीजरमध्ये आहे."

आमच्याकडे शिव्या चर्चमधल्या सामानावरून देतात. पेपर उघडून जाहिरात वाचल्यावर गाएतांने वेदीपासून प्रसादाच्या पेल्यापर्यंत एकही वस्तू शिल्लक ठेवली नाही. पुढचे दोन आठवडे फोन वाजतच राहिला. कुणाकडे तंगडी होती, कुणाकडे जीभ. एका गृहस्थाने अख्खं मुंडकं देऊ केलं आणि ते गाडीच्या नाकावर कसं बसवायचं तेही समजावून सांगितलं. किराणावाला रोज विचारायचा, "काय गाएतां, गाडीला शिंगं फुटली का?" रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी त्याचा हात हातात घेऊन, प्राण्यांवर दया करावी, असं अगदी गंभीरपणे सांगितलं. माझी मात्र चंगळ झाली. लोक गंमत म्हणून मांस आणून द्यायचे, आणि मी ख्रिसमसच्या सगळ्या पाई फुकटात भरल्या. पाई म्हणजे आमची मांस भरून भाजलेली कणकेची जाड पोळी, गाएतांची अत्यंत आवडती. त्या वर्षी त्याने ती रागाने खाल्ली, पण तीन वेळा वाढून घेतली.

डिसेंबरात दोनाल्दा नावाच्या एका बाईचा फोन आला. चार तास उत्तरेला राहणारी विधवा. "माझ्याकडे शिंगं आहेत," ती म्हणाली. "नवऱ्याची."

"नको," गाएतां म्हणाला.

"म्हणजे त्याने मारलेल्या ओरिन्यालांची. त्याला भारी हौस. घरात जागा उरली नाही तेव्हा ती मेली जुनी बर्फगाडी भरून ठेवली. गाडी काही कामाची नाही, चाळीस वर्षं हललेली नाही, पण शिंगं तरी न्या."

गाएतां फोन ठेवणार होता. तो तसाच कानाला धरून खुर्चीवर बसला आणि मला खुणेने पेन्सिल मागू लागला.

दोनाल्दाची अट सरळ होती: शिंगं सगळी न्यायची, निवडून नाही. गाडीतलं लोखंड हवं तेवढं काढून घ्या, मला त्याचं काय करायचंय. अस्सल चाकं, अस्सल मुठी, अस्सल दिवे, सगळं कारखान्याच्या शिक्क्यानिशी शिंगांखाली ठणठणीत होतं. परत येताना वनखात्याच्या माणसांनी गाएतांचा शिंगांनी भरलेला ट्रक दोनदा थांबवला आणि ही एवढी शिकार एकट्याने कधी केली ते विचारलं. पेपरातली जाहिरात दाखवल्यावर त्याला सोडलं.

मग जानेवारीभर तो शेडमध्ये. बाबांचं कुळवाचं लोखंड निघालं, चर्चचं बाक निघालं, भट्टीचा पत्रा निघाला. दाराची मूठ निघाली ती चक्क शिंगातून कोरलेली. मी म्हटलं, "जाहिरात बरोबरच होती की. हा घे, ओरिन्यालचा सुटा भाग." त्याने ती मूठ माझ्या हातातून घेतली आणि बाकीच्या सामानाबरोबर पिंपात टाकली. भंगारवाला येऊन पिंप घेऊन गेला. वाल्मोर भिंग घेऊन आले, एकेक स्क्रू तपासला आणि मंडळाची पितळी पट्टी दारावर ठोकून गेले: शंभर टक्के अस्सल. निळा रंग तर असा चमकत होता की शेडमध्ये दिवा लावायची गरज नव्हती. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी झाली होती, आणि हातोडा न देण्यासारख्या हातांनी ती केली होती. मला त्याचा अभिमान वाटला. तसं मी त्याला सांगितलं नाही, कारण तो आधीच फुगला होता.

फेब्रुवारीत बर्फ पक्का झाला तेव्हा आम्ही गाडी घेऊन तळ्यापलीकडे गेलो. बाबांना नर्सने कोट आणि फरची टोपी घालून दारात आणलं. त्या दिवशी त्यांची तब्येत छान होती. मला बघताच त्यांनी नावाने हाक मारली. गाएतां गाडीशेजारी उभा होता, टोपी हातात धरून, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा.

बाबांनी हातमोजा काढला, निळ्या रंगावरून हात फिरवला, गोल खिडकीतून आत डोकावले.

"सुरेख," ते म्हणाले.

गाएतांने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"कुणाची आहे?" बाबांनी विचारलं.

"तुमचीच, बाबा," मी म्हटलं.

"माझी?" ते हसले. "यूगेत, माझी गाडी मी डोळे झाकून ओळखीन. ती डावीकडे झुकते." मग ते गाएतांकडे वळले आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "तुम्ही मंडळाचे का?"

मला वाटलं, आता हा सांगेल. पितळी पट्टी दाखवेल, चाक दाखवेल, चार तास उत्तरेला कसा गेलो ते ऐकवेल. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि दार उघडलं.

"हो, मस्यू ओव्हिला. बसा, चक्कर मारून आणतो."

बाबा पुढे त्याच्या शेजारी बसले, मी मागे. तळ्यावर उन्हाने डोळे दिपत होते. इंजिन घड्याळासारखं चाललं होतं. बाबा पाहुण्यासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते आणि प्रत्येक गोष्टीचं कौतुक करत होते. गादी मऊ आहे, वारा आत येत नाही. "माझी खोकते," ते म्हणाले. "पण कधी वाटेत टाकलं नाही तिने. आता जावयाकडे असते."

गाएतांची मान लाल झालेली मला मागून दिसत होती.

"कसा आहे जावई?" त्याने विचारलं.

"हातात कला नाही त्याच्या," बाबा म्हणाले. "पण शाब्बास म्हणायला हवं. दुसरा कुणी असता तर त्याने माझी म्हातारी कधीच भंगारात घातली असती. त्याने तिला हात लावला नाही, जशीच्या तशी ठेवली. म्हणून मी निर्धास्त आहे." ते थोडे त्याच्याकडे झुकले. "तोंडावर कधी बोललो नाही मी त्याला. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. तुम्हाला भेटला तर तुम्हीच सांगा."

मी मागे तोंडावर हात धरून रडत होते.

"सांगतो," गाएतां म्हणाला.