हळू वाजवणारा माणूस

बुधाने पेचकसाच्या टोकाने पत्र्याचे कान एकेक करून उचकटले आणि गिटारीच्या बटणाखालची रुपयाएवढी डबी उघडली. आत घोड्याच्या नालासारखी वाकलेली काळी पट्टी होती. ती उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, तो बराच वेळ बघत राहिला. समोर बाकावर बसलेल्या मधुकरराव चोथ्यांना वाटलं, हा आता मान हलवणार आणि 'नाय जमायचं' म्हणणार.

तसं तो म्हणाला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि थोडं बरंही वाटलं असतं. नाशिकचे गांगुर्डे मास्तर, लग्नाच्या बँडचे मालक, रविवारी ही गिटार न्यायला येणार होते. मधुकररावांची मोखाड्याला बदली झाली होती. तिथे एका खोलीच्या बिऱ्हाडात स्वतःला राहायला जागा नाही, तिथे गिटार, तिची आवाजाची पेटी आणि मोटारीची बॅटरी हे सगळं लटांबर कुठे ठेवायचं? शिवाय वाजवतंय कोण? संस्थान विलीन झालं, दरबारचा बँड मोडला, ज्याचं वाद्य त्याला देऊन टाकलं, त्या दिवशी मधुकररावांनी घरी येऊन गिटार खोक्यात घातली होती आणि जाहीर केलं होतं, "आता हिला हात लागायचा नाही." ते बोलले, घराने ऐकलं. त्याला सात वर्षं झाली.

काल गांगुर्ड्यांच्या पत्रामुळे त्यांनी खोकं उघडलं, तारा जोडल्या, आणि गिटारीवरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवताच पेटीतून अशी खरखर उठली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सात वर्षं पडून राहिलेली बॅटरी जिवंत निघाली याचं त्यांना जरा नवल वाटलं. पण बॅटरीतलं त्यांना कधीच काही कळत नव्हतं. दरबारात ते काम पाहायला वेगळा माणूस होता. जुन्या वस्तू टिकाऊच असायच्या, असं म्हणून त्यांनी संस्थानाच्या कारभाराला मनातल्या मनात आणखी एक गुण देऊन टाकला आणि विषय संपवला.

"मास्तर," बुधा म्हणाला, "आताशा तुमी लई हळू वाजवता."

जव्हारात त्यांना अजून मास्तर म्हणणारा बुधा एकटाच उरला होता. बाकी सगळ्यांसाठी ते कचेरीतले चोथे भाऊसाहेब होते. बुधा सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा. लढाईच्या दिवसांत देवळालीच्या लष्करी वर्कशॉपात वायरी जोडायला शिकून आला, आणि आता भाताच्या गिरणीमागच्या पडवीत बसून गिरणीच्या इंजिनावर लोकांच्या बॅटऱ्या भरून द्यायचा, रेडिओ दुरुस्त करायचा.

"कोण म्हणतं?" मधुकररावांनी विचारलं.

"ही पट्टी म्हनते." बुधाने डबी त्यांच्यापुढे धरली. "ह्यो पितळी काटा बटनासंगं फिरतो. जिथं फिरतो तिथं पट्टी झिजते. ह्या शेवटच्या टोकाला बगा. झिजलीय, पन जुनी, वर धूळ बसलीय. ती दरबारातली. तुमी मैदानात वाजवायचे आन आमी पोरं आंब्यावर चढून आयकायचो. आन हितं बगा, सुरुवातीला. नखभर जागा. ही ताजी हाय."

मधुकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. पट्टीची सुरुवातीची कड चकचकीत झाली होती, रोज पाण्याला जाणाऱ्या पायांनी गवतात वाट पडावी तशी. मधली सगळी पट्टी कोरी होती.

"जुनीच असेल तीही," ते म्हणाले.

"छ्या! मंग मी दर म्हैन्याला बॅटरी भरून देतो ती काय दिवाळीला उजेड करायला? सकू डोईवर घेऊन येते, भरली की घेऊन जाते. तिला म्हनलं बी येकदा, मास्तरांना सांग, जरा जोर लावा. तं हसली नुस्ती." बुधाने स्पिरिटात कापूस बुडवला. "मानूस बदलतं, मास्तर. आदी जोरात, आता हळू. हळू वाजवायला जास्ती येयला लागतं, नाय का?"

सकू म्हणजे त्यांच्या घरी आठवड्याला लाकडाची मोळी टाकणारी बाई. मी सात वर्षांत हात लावलेला नाही, हे वाक्य मधुकररावांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते बोलले असते तर पुढचा प्रश्न बुधाने विचारलाच असता, आणि त्याचं उत्तर घरातल्या दोन माणसांपैकी एकाचंच नाव होतं. मुलगी लग्न होऊन वाड्याला गेल्यापासून घरात तिसरं कुणी नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "आताशा हळूच वाजवतो."

बुधाने पट्टी पुसली, काट्याचं टोक पुसलं, मग हात पुढे केला. "तुमच्या खिशातली पेन्सिल द्या. मऊ हाय ना?"

"पेन्सिल कशाला?"

"जिथं झिजलं तिथं शिसं चोळायचं. शिसं आन ही काळी पट्टी, दोगं येकाच घरातली."

कचेरीच्या पेन्सिलीने त्याने ती नखभर जागा हळूहळू काळी केली. वर व्हॅसलिनचं बोट लावलं न लावलं इतकंच फिरवलं, डबीचे कान दाबले, दोन तारांना डाख दिला आणि बटण फिरवून दाखवलं. पेटीतून काहीच आलं नाही. खरखर नाही, काही नाही. मधुकररावांना ती शांतता ऐकवेना.

घरी चंद्राबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातल्या गिटारीकडे पाहिलं, मागून हमालाने आणलेल्या पेटीकडे पाहिलं.

"झाली नीट?"

"झाली. रविवारी येतील ते."

"बरं," चंद्राबाई म्हणाल्या आणि सुपात मान घातली. बदलीची बातमी सांगितली तेव्हाही त्या 'बरं'च म्हणाल्या होत्या. बावीस वर्षांच्या संसारात हा शब्द मधुकररावांनी इतक्यांदा ऐकला होता की त्याच्या आत काही असेल असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. शुक्रवारी मात्र दुपारी बाराच्या सुमाराला पोट बिघडल्याचं सांगून ते कचेरीतून उठले. सात वर्षांत भरदुपारी खुर्ची सोडण्याची ही पहिली वेळ, त्यामुळे अव्वल कारकुनाने काळजीने ओवा देऊ केला. ओवा चघळत ते मागच्या गल्लीने घराकडे आले. आपल्याच घराच्या मागच्या दाराशी चोरासारखं उभं राहायची वेळ यावी, याचं त्यांना हसूही येत होतं आणि रागही. मी नको म्हटलेलं असताना! सात वर्षं! सकूला ठाऊक, बुधाला ठाऊक, आणि आपण तेवढे अंधारात.

आतून आधी बटणाचा खरखरणारा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. चंद्राबाईंनाही तो अपेक्षित असावा, कारण आत क्षणभर सामसूम झाली. मग एक तार छेडली गेली, थांबली, पुन्हा छेडली गेली. सूर गोल, स्वच्छ आला. आणि चंद्राबाई हसल्या. एकट्याच, तोंडातल्या तोंडात, नवीन बांगडी हातात चढल्यावर बाई हसते तसं. हे हसू मधुकररावांनी या घरात कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकलं तिथेच त्यांचा राग विरघळला.

ते धुण्याच्या दगडावर बसले.

ती चाल त्यांचीच होती. दरबार उठताना ते ती वाजवायचे, आणि घरी तासन्‌तास घोटायचे. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी, ती तारांवरून सरकवत सूर ओढून न्यायचा. राजवाड्यावर त्यांनी चार जणांना शिकवलं होतं. चंद्राला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. ती तेव्हा दाराआड भाकऱ्या थापत असायची, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कान असतात हे मास्तरांच्या गावीही नव्हतं.

आत दोनदा चुकलं. दुसऱ्या ओळीत कांडी जरा पुढे गेली. त्यांचा हात आपोआप हवेत मागे सरकला. पण पुढे चाल खाली उतरते तिथे त्यांना ऐकून धक्का बसला. तिथे ते नेहमी घाई करायचे, कारण समोर बँडमास्तरची काठी असायची आणि दरबार उठलेला असायचा. चंद्राला कुठेच जायचं नव्हतं. ती त्या सुरावर थांबली, कांडी किंचित हलवत राहिली, आणि तो सूर इतका हळू विझला की केव्हा संपला ते कळलं नाही. असं वाजवायचं असतं हे, मधुकररावांच्या मनात आलं. आपल्याला कधी साधलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोचा अभिमानही वाटला. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी ओव्यावर खापर फोडलं.

मग ध्यानात आलं की आज शुक्रवार आहे, गिटार जायचा रविवार परवावर आला आहे, आणि आत तिने ती चाल तिसऱ्यांदा सुरू केली आहे.

ते आत गेले नाहीत. वाजवणं थांबलं, खोक्याचं झाकण हलकेच मिटलं, तेव्हा उठून कचेरीत परत गेले.

रविवारी सकाळच्या एसटीने गांगुर्डे मास्तर आले. जाडजूड, हसतमुख गृहस्थ. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि लग्नाच्या वरातीची एक चाल अशी दणकावली की वळचणीची कबुतरं उडाली.

"फस्क्लास!" ते म्हणाले. "आवाज एकदम साफ. काय हो चोथे, एवढी वर्षं पडून होती म्हणता, पण वाद्य तर हातातलं वाटतंय. बोला, नेऊ ना?"

मधुकरराव गिटारीकडे बघत होते. स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं होतं.

"ते मी कसं सांगू?" ते म्हणाले.

"म्हणजे? वाद्य तुमचंच ना?"

"होतं. थांबा, विचारून येतो."

गांगुर्डे मास्तर बघतच राहिले. मधुकरराव उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. चंद्राबाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या, चहाच्या पातेल्यावर झाकण धरून. झाकण उकळत्या वाफेत थरथरत होतं, तरी त्या ते सोडत नव्हत्या.

"पाहुणे विचारतायत," मधुकरराव हळू म्हणाले. "द्यायची का गिटार?"

चंद्राबाईंनी झाकण खाली ठेवलं. वळून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आधी घाबरून, मग नीट, पुष्कळ वेळ. डोक्यावरचा पदर सारखा केला. चहा उतू गेला तो कुणीच पाहिला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "मोखाड्याला बॅटरी भरून मिळते का हो?"

"नाही मिळत," मधुकरराव म्हणाले. "शनिवारी कचेरी सुटली की मी आणत जाईन इथून."