अडलेले आमेन

ज्या वर्षी रंगाऱ्याचे लग्न झाले, आणि लग्नाच्या जेवणात खुर्ची मिळाली नाही म्हणून त्याची आत्या जी रुसली ती कित्येक वर्षे त्याच्याशी बोलली नाही, त्या वर्षी माझे टेबल झाले.

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. निदान लोक तरी तसे म्हणतात. मला स्वतःला त्याची पुरती खात्री कधीच वाटली नाही, कारण त्याआधी मी दार होतो. एका मोठ्या घराच्या मागच्या बाजूला उभा असायचो. कुणी आले की ठोठावायचे, आतून "कोण आहे?" अशी हाक यायची आणि मी उघडायचो. काम सोपे होते. ते घर रंगवायला रंगारी आला तेव्हा मालकाने नवी दारे बसवली होती आणि मी अंगणात पालथा पडलो होतो. रंगाऱ्याने मला टिचकी मारून पाहिले, "लाकूड खणखणीत आहे" म्हणाला, आणि मालकाला विचारून मला हातगाडीवर घालून होणाऱ्या सासऱ्याकडे घेऊन गेला.

सासरा सुतार होता. त्याने मला कापले, चार पाय लावले, कडीच्या भोकात खुंटी ठोकून वरून भुसा आणि सरस भरला.

"जावईबापू," तो म्हणाला, "लोक सासऱ्याकडे टेबल मागतात, तुम्ही दार घेऊन आलात. आता माझी पोर रुसून निघाली तर जाणार कुठून? दाराचं तर टेबल झालं!"

"म्हणूनच आणलं ना, मामा," रंगारी म्हणाला.

अशा रीतीने मी आडवा झालो. उभ्याने जगलेल्याला आडवे होणे किती अवघड जाते, हे तुम्हाला सांगून पटणार नाही. माणसे समोरून यायची ती चारही बाजूंनी येऊ लागली. मला आत कुठले आणि बाहेर कुठले ते कळेना.

रंगही माझा एक राहिला नाही. रंगारी कामावरून डब्याच्या तळाशी उरलेला रंग घरी आणायचा आणि तो मला लावायचा. लग्नाला मी पांढरा होतो. लेकीच्या बाप्तिस्म्याला हिरवा होतो, कारण तेव्हा शाळेच्या खिडक्यांचे काम चालू होते. नंतर दवाखान्याच्या भिंतींचा फिका निळा झालो.

"एखाद्या दिवशी मलाही उरलेला रंग लावाल," त्याची बायको म्हणायची.

"तुला उरलेला कसा लावीन? तुझ्यासाठी नवा डबा फोडीन," तो म्हणायचा.

बायको शिवणकाम करायची. दिवसभर मी तिचा. माझ्यावर कापड पसरायचे, खडूच्या रेघा पडायच्या, कात्री करकरत जायची. एका कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग आहे. त्या दिवशी दारात पाळकसाहेब आले होते आणि ती बोलण्यात रंगली होती. संध्याकाळी कापड उचलले जायचे आणि माझ्यावर ताटे यायची. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मात्र ना कापड ना कात्री. दोघे बशीतून चहा प्यायचे. मग सापशिडीचा पट निघायचा. सापाच्या तोंडाशी सोंगटी आली की बाईला हमखास खोकला यायचा, आणि त्या खोकल्यात सोंगटी एक घर पुढे सरकायची.

"अगं, आत्ताच उपदेश ऐकून आलीस ना?" रंगारी म्हणायचा.

"त्यात हेच सांगितलं, सापाच्या नादी लागू नका म्हणून."

आता माझ्या सर्वांत मोठ्या गोंधळाविषयी सांगतो. जेवायच्या आधी रंगारी डोळे मिटायचा, हात जोडायचा, मान खाली घालायचा आणि थेट माझ्याकडे तोंड करून म्हणायचा, "हे दयाळू पित्या, आमच्या पुढ्यात जे अन्न आहे ते तू दिलंस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो." त्याच्या पुढ्यात तर मीच होतो! मी चक्रावलो. भात तर बाईने चुलीवरून आणला होता. मी नुसता धरला होता. पण माणूस इतक्या प्रेमाने आभार मानतो म्हटल्यावर नाही तरी कसे म्हणायचे? मला वाटू लागले, असेलही, मीच तो पिता असेन. दाराचे टेबल होते, तर टेबलाचे आणखी काही का होऊ नये?

मग तो मागायचा. त्याचे मागणे लांबलचक असायचे. शेजाऱ्याची हरवलेली बकरी, शिडीचा मोडका दांडा, रुसलेली आत्या, सगळ्यांची वर्णी लागायची. लेक त्याला चोरून 'मालगाडी' म्हणायची.

"अहो, भात निवतोय," बायको डोळे न उघडता म्हणायची. "देवाला वेळ आहे, आम्हाला भूक आहे."

"आमेन," तो हसून म्हणायचा. मग त्या दोघी "आमेन" म्हणायच्या.

लेकीने एकदा विचारले, "आई, आमेन म्हणजे काय?"

"म्हणजे तसंच होवो. समोरच्यानं जे मागितलं तेच माझंही मागणं आहे, असं. म्हणून कान देऊन ऐकायचं, नाहीतर भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसशील."

एकदा लेकीला ताप आला तेव्हा रंगाऱ्याने माझ्यावर डोके टेकून तो उतरू दे म्हणून मागितले. मी सगळ्या पायांनी जोर लावला. ताप उतरला आणि मी फुशारलो. पण पुढच्याच आठवड्यात मी पाहिले, की बाई दूध तापवताना डोळे मिटून, पातेल्याकडे तोंड करून तेच "हे पित्या" म्हणत होती. मग पातेलेही पिता की काय? आणि लेक तर पांघरुणात तोंड खुपसून म्हणायची! मला काहीच उमजेना. शेवटी मी ठरवले, की आपण ताटे धरावीत आणि गप्प राहावे.

वर्षे गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली. मग रंगाऱ्याचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी तपासले आणि घशातला आजार वाढू नये म्हणून त्याचे स्वरयंत्रच काढून टाकले. तो घरी आला तो जिवंत, पण मुका. शिडीवर उभा राहून गाणारा माणूस, त्याच्या गळ्याला आता एक भोक आणि त्यावर पांढरी पट्टी होती.

पहिल्या दिवशी ताटे वाढून झाली. कुणी सुरुवात करेना.

"आई, तूच म्हण ना प्रार्थना," भेटायला आलेली लेक म्हणाली.

"घरचा माणूस समोर बसलाय. मी का म्हणू?"

रंगाऱ्याने डोळे मिटले. ओठ हलले. मग त्याने बोटाच्या पेराने माझ्यावर ठोठावले. टक, टक.

मित्रांनो, माझ्या अंगावरून काटा सरसरला. इतक्या वर्षांनी मला कुणी ठोठावले होते! माझ्यातले जुने दार खडबडून जागे झाले. उघडायला हवे, असे वाटले. पण आडव्याने उघडायचे कसे, आणि कुणाला आत घ्यायचे? मी घाबरून बाईकडे पाहिले.

"झालं?" तिने विचारले. त्याने मान हलवली. "आमेन," ती म्हणाली, आणि भाजी वाढू लागली.

तेव्हापासून तशीच रीत पडली. पण एक बदल झाला. मालगाडी बंद पडली. पूर्वी भात निववणारा माणूस आता डोळे मिटतो न मिटतो तोच ठोठावायचा. बाईच्या ते लक्षात आले. आणि त्यात भर पडली शेजारणीची. ती ब्लाउज न्यायला आली होती. बाई तिला सहज म्हणाली, "आता एवढंसं काय मागतात कोण जाणे."

"दुखणाईत माणूस एकच मागतो बाई," शेजारीण म्हणाली. "सोडव. दुसरं काय?"

शेजारीण गेली, पण तो शब्द घरातच राहिला. बाईने त्या दिवशी एकच बाही दोनदा उलटी शिवली. मला तिचे हात कळतात. ती हिशोब मांडत होती, की इतके दिवस आपण कशाकशाला "तसंच होवो" म्हणत आलो.

दुसऱ्या दुपारी भाताची वाफ वर जात होती. रंगाऱ्याने डोळे मिटले. टक, टक.

आमेन आले नाही.

त्याला वाटले, तिला ऐकू गेले नाही. त्याने पुन्हा, जरा जोरात ठोठावले.

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे," ती म्हणाली. "काय मागितलंत ते आधी सांगा."

त्याने डोळे उघडले आणि गळ्याच्या पट्टीला बोट लावले. सांगू कसं? लिहिता त्याला येत नव्हते.

"खुणेनं सांगा. कशाला हो म्हणतेय ते कळल्याशिवाय मी आज हो म्हणणार नाही."

रंगाऱ्याने ताट जरा बाजूला सारले. मग बोट वर केले. मग ते स्वतःच्या छातीला लावले. नंतर तेच बोट तिच्याकडे केले.

बाईचा हात माझ्या कडेवर होता. तिने ती कड गच्च पकडली.

"वर जायचं म्हणता? तुम्ही?" तिचा आवाज चिरकला. "आणि मी इथे भात वाढून त्याला आमेन म्हणायचं?"

त्याने नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. पुन्हा बोट वर केले आणि मग सगळा पंजा उघडून हवेत इकडून तिकडे, तिकडून इकडे सावकाश फिरवला.

"निरोप घेता होय? माझ्याच टेबलावर बसून, माझाच निरोप?" ती ताडकन उठली. "जमणार नाही! सांगा त्याला, बायको कबूल नाही म्हणून. अहो, इतकी वर्षं बकरीसाठी मागितलंत, शिडीसाठी मागितलंत, आणि आता माझ्यावर वेळ आली तर हे मागता?"

ती खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. तो बसून राहिला. आमेनशिवाय घास घ्यायची त्याला सवय नव्हती, तिलाही नव्हती. भात निवला. मी मधल्या मधे. एकाने ठोठावले आहे, दुसरी उघडत नाही, आणि दार कोण, घर कोणाचे, हेच मला कळत नव्हते.

शेवटी रंगारी उठला. मागच्या खोलीत खुडबुड झाली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात रुंद ब्रश होता, वाळून कडक झालेला. तो त्याने ताटांच्या मधे ठेवला आणि बोट वर केले.

बाईने वळून वर पाहिले. बरोबर माझ्या डोक्यावर छताला ओल येऊन काळा डाग पडला होता.

"छत?"

त्याने मान हलवली.

"छत रंगवायचंय? आणि हे हात हलवणं म्हणजे ब्रश?" ती मटकन खुर्चीत बसली. "तुम्ही रंगवणार, आणि मी..."

त्याने दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरल्याची खूण केली. मी रंगवीन, तू मला धर.

बाईने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती की रडत होती, ते मला खालून दिसले नाही. "अहो, छत मला मागायचं! त्यासाठी देवाला कशाला त्रास?" मग तिने डोळे पुसले. "आमेन. बरं का? आमेन. पण शिडीवर पाय ठेवलात तर माझ्याशी गाठ आहे."

म्हणून तो माझ्यावर चढला. खाली वर्तमानपत्र अंथरून, रोज थोडे थोडे. बाई त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून उभी राहायची. लेक एकदा अचानक आली आणि दारातच किंचाळली, "आई! पप्पांना सांगून उपयोग नाही, पण तू सुद्धा?"

"मी आमेन म्हटलंय," आई म्हणाली. "आता धरायला नको?"

छत पिवळे झाले, मीही ठिपक्याठिपक्यांनी पिवळा झालो. पुढे रोज ठोठावल्यावर बाई म्हणायची, "आमेन, पण छताइतकंच असेल तर. त्याहून वर काही असलं तर माझं आमेन नाही हं." तो हसायचा. त्याचे हसणे आता नुसती हवा होती.

पण मित्रांनो, मला एक कोडे सुटलेले नाही. त्याने खरेच छत मागितले होते का? की बाईचा चेहरा पाहून ऐनवेळी छत पुढे केले? त्याचे गुडघे माझ्या पायाला टेकलेले असायचे. त्याने पहिल्यांदा बोट वर केले तेव्हा ते गुडघे थरथरत होते. ब्रश घेऊन परत बसला तेव्हा स्थिर होते. मी पुष्कळ विचार केला. लाकडाचे डोके, त्यात काय शिरणार?

हल्ली रंगारी लेकीच्या घरी असतो आणि त्याच्या हट्टामुळे मीही तिथेच आहे. लेकीचे जेवणाचे टेबल काचेचे आहे, म्हणून मला ओट्याच्या बाजूला ठेवले आहे. माझ्यावर गरम पातेली ठेवतात, ओली भांडी पालथी घालतात, माझा एक पाय हलतो त्याखाली पुठ्ठा घातला आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही असे नाही. रंगारी मात्र माझ्यापाशीच जेवतो. तो डोळे मिटतो तोच लेक भांडी घासता घासता "आमेन, पप्पा, जेवा आता" म्हणते. ती वाईट नाही, तिला घाई असते. पण त्याचे मागणे अजून संपलेले नसते. ते संपले की तो सावकाश ठोठावतो, आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसतो, आणि मग जेवतो.

म्हणून एवढेच मागतो. लाकडाला ओल लागू देऊ नका, हलणारा पाय वेळेवर ठोकून घ्या. आणि घरातले म्हातारे माणूस डोळे मिटून काही म्हणत असेल तर त्याचे पुरते होऊ द्या. कळले नाही तर विचारा, भांडा, भात निवू द्या. पण ते ठोठावायच्या आधी आमेन म्हणून टाकू नका.

रंगारी अजून आहे. त्याची बायको गेली. छत रंगवले त्याच्या पुढच्या वर्षी, लेकीच्या धाकटीला पहिले दात आले तेव्हा, एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी.