पहिल्या पेरणीचा मान

बहात्तरच्या दुष्काळात अक्कलकोटकडच्या त्या गावात निम्म्या बैलजोड्या फुटल्या. कोंडीबाच्या दावणीला एक बैल उरला, शेजारच्या सिद्धारामाच्याही एकच. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तेव्हा दोघांनी सावड केली. दोन्ही बैल पेरणीच्या एका कुरीला जुंपायचे आणि दोघांची रानं पेरायची. व्यवहार अगदी सरळ होता.

उत्तरा नक्षत्र बरसलं, रानाला वाफसा आला. कुरी बांधावर आली आणि तिथंच बिनसलं. आधी कुणाचं रान?

"माझं रान मुरमाड हाय, चार दिसांत वाळतंय," कोंडीबा म्हणाला. "तुझं काळं रान धा दिस वल धरतंय. आदी माझं." त्याचं म्हणणं रास्त होतं.

"वडतोय माझा बैल," सिद्धाराम म्हणाला. "तुझा नुसता संगतीला चालतोय. आदी माझं."

आता कोंडीबाने दुष्काळात आपली भाकरी अर्धी करून तो बैल जगवला होता. रानाबद्दलचं वाकडं बोलणं त्याने गिळलं असतं, बैलाबद्दलचं त्याच्या काळजाला झोंबलं. जुवाची शिवळ उपसून त्याने बैल सोडवला आणि घरची वाट धरली.

भांडण पंचांकडे गेलं. पंच शहाणे. निकाल लागेपर्यंत दोन्ही बैल दावणीलाच राहतील, असं त्यांनी ठरवलं, म्हणजे बांधावर डोकी फुटणार नाहीत. डोकी खरंच फुटली नाहीत. पण मुख्य पंच त्रिंबकराव लेकीच्या बाळंतपणासाठी माळशिरसला गेलेले, आणि त्यांच्यावाचून पंच बसत नसत. इकडे पाऊस परत फिरकला नाही आणि ऊन तापू लागलं. ज्यांच्या जोड्या शाबूत होत्या ते आपल्याच पेरणीत गढले होते; त्यांच्याकडे उसना बैल कोण मागणार?

"जावा की सिद्धारामाकडं," कोंडीबाची बायको रंभाबाई रोज म्हणायची. "कुणाचं का आदी हुईना, पर जुंपा."

"आदी त्यानं बैलाची माफी मागावी."

"बैलानं सांगितलंया का माफी मागाय?" रंभाबाई म्हणाली. कोंडीबाने पागोटं चढवलं आणि तो बाहेर पडला.

नवव्या दिवशी पंच बसले. निकाल कोंडीबाच्या बाजूने लागला. पहिल्या पेरणीचा मान त्याचा, आणि बैल चांगला आहे असं सिद्धारामाने चारचौघांत म्हणायचं. सिद्धाराम खाली मान घालून तसं म्हणाला. कोंडीबाला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

चावडीतून तो सरळ रानात गेला. खाली बसून त्याने मूठभर माती उचलून दाबली. ती बोटांतून भुरूभुरू गळून गेली. त्याने वीतभर उकरलं; खालीही तेच. बांध ओलांडून तो सिद्धारामाच्या रानात गेला. तिथे चार बोटांखाली माती गार होती, तिचा मुटका वळत होता. आजचा दिवस, फार तर उद्याचा. स्वतःची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बैल आणि बियाण्याचं पोतं घेऊन सिद्धारामाच्या बांधावर उभा राहिला.

"मान तुझा हाय," सिद्धाराम म्हणाला. "तुझ्या रानात चल की."

"त्ये वाळलं. माझा मान मी हितं घेतो. बी माझं, रान तुझं, पीक अर्दं अर्दं."

सिद्धाराम बांधापलीकडच्या रिकाम्या रानाकडे बघत राहिला. "मी त्या दिशी तसं बोलाय नगं हुतं."

"मी बी बैल सोडाय नगं हुता. जुंप आता."

पीक सोळा आणे आलं. माघात खळं झालं, दोन सारख्या वाटण्या पडल्या, आणि पंचांनी भांडण कसं न्यायाने मिटवलं याचं गावाने कौतुक केलं. एका रानाची ज्वारी दोन घरांना किती दिवस पुरणार? चैत्र सरायच्या आत कणग्यांचा तळ दिसला. रंभाबाई आणि सिद्धारामाची बायको मल्लव्वा, दोघी सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. मुकादमाने विचारलं, तुमच्याकडे पाऊस झाला नाही का? झाला, असं मल्लव्वाने सांगितलं.