एका इंजिनाची वाटणी

धाकट्या भावाच्या दारी न जाता वडिलांचा जुना ट्रक सुरू झाला असता, तर थोरल्याच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: शेवटचा शब्द. तेवढ्यासाठी तो तिसऱ्यांदा भंगारातलं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खालच्या ब्लॉकवर उतरवत होता. बोल्ट बसले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा मात्र ब्लॉकच्या एकीकडे नि हेडच्या भलतीकडे; घरातल्या माणसांसारख्याच.

"अहो, मूळचं हेड भावोजींकडे धूळ खातंय," बायको दारातून म्हणाली. "तोंड उघडायलाही पान्हा लागतो का?"

वाटणीच्या वेळी हाही हटला नव्हता नि तोही. म्हणून ब्लॉक थोरल्याकडे राहिला आणि त्याच्यावरचं हेड धाकट्याकडे गेलं. तेव्हापासून दोघांची बोलाचाली बंद होती, आणि ट्रकचीही.

शेवटी निरोप आईनेच धाडला. धाकटा हातगाडीवरून हेड घेऊन आला, चादरीत गुंडाळून. बरं आहे ना, असं कोणी कोणाला विचारलं नाही.

"तिकडून धर."

"धरलंय, दादा."

हेड अलगद जागेवर बसलं. बोल्ट आवळून थोरल्याने पान्ह्याने इंजिन हळूच फिरवलं. अर्धा फेरा झाला नि टक्. पुन्हा टक्. पिस्टनचा माथा वर व्हॉल्व्हला अडत होता.

"हेड घासलंस?"

धाकट्याने मान डोलावली. "दुसऱ्या ब्लॉकवर बसतंय का बघत होतो. मशीनवर नेऊन घासून आणलं." मग त्याने ब्लॉकच्या चकचकीत कडेवरून बोट फिरवलं. "आणि हा?"

थोरल्याने हाताचं ग्रीस पुसलं. बराच वेळ पुसलं.

"म्हणजे मधली जागा आपण दोघांनी मिळून खाल्ली," धाकटा म्हणाला.

"एक काम तरी मिळून केलं."

आता मध्ये जाड पॅकिंग हवं होतं, तांब्याचं आणि एकसंध. तेवढा पत्रा बाजारात मिळेना. आई उठून आत गेली. काहीतरी ओढत आणल्याचा आवाज झाला. अंघोळीचं पाणी तापवायचा तिचा तांब्याचा बंब. दोन्ही सुनांचा त्याच्यावर कधीचा डोळा होता. तिने तो अंगणात आडवा केला.

"आई, हा नको गं."

"का? तुमच्या वाटणीत माझ्या वाट्याला हाच आला ना? कापा."

बंब उभा कापला, उलगडला, तापवून मऊ केला, ठोकून सपाट केला. पत्रा थोरल्याने धरला, भोकं धाकट्याने पाडली. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि मग घुमायला लागलं. त्या आवाजात शेवटचा शब्द कोणाचा, ते कोणालाच ऐकू आलं नाही.

हिशेब सांगायचा तर ब्लॉक थोरल्याने घासला, हेड धाकट्याने. आई त्या थंडीत पातेलं पातेलं पाणी तापवून अंघोळ करत राहिली. बंब कुठे गेला, असं शेजारणीने विचारलं की ऐटीत म्हणायची,

"दोघांच्या मध्ये बसवलाय."