राजाबाईचा निरोप्या

मित्रांनो, मी अंगठ्याएवढा एक जुना ब्लूटूथ मॉड्यूल आहे. तार न जोडता फोनपर्यंत निरोप पोचवणं, एवढंच माझं काम. पण मी फार भित्रा आहे. का, ते सांगतो.

दूरच्या एका कारखान्यातून मी चंदेरी पाकिटात बसून कळंबोलीला, कोंडिबांच्या दोन खोल्यांच्या घरी आलो. कोंडिबांनी जन्मभर लोखंड बाजारात पत्रे कापले. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. त्यांची बायको राजाबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. बोलणं तुटलेलं. पडल्या पडल्या तिला ठसका लागायचा. लगेच कुणी कुशीवर वळवलं नाही, तर श्वास अडकायचा. मुलगी ज्ञानेश्वरी दिवसभर तळोज्याला कामावर. घरात एकीला हाक मारता येत नव्हती आणि दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. कोंडिबा आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करायचे आणि दर तांब्याला बाहेर डोकवायचे.

म्हणून ज्ञानेश्वरीने मला आणलं. राजाबाईच्या डाव्या हाताखाली एक बटण ठेवलं. बटण दाबलं की मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बटणाकडे लक्ष ठेवणारी चिप, माझा सोबती, मला एक अक्षर देणार. मी ते हवेतून फोनला देणार आणि कोंडिबांच्या खिशात फोन थरथरणार.

सुरुवातीला काहीच पोचेना. ज्ञानेश्वरीने सोबत्याची बोलायची तार माझ्या बोलायच्या तारेला जोडली होती. दोघेही बोलत होतो, ऐकत कुणीच नव्हतं. तारा अदलाबदल केल्यावर फोनवर नुसता कचरा उमटू लागला, कारण आम्हा दोघांचे बोलण्याचे वेग वेगळे होते. तिने वेग जुळवले आणि कोंडिबा दचकून उभेच राहिले.

"आगं पोरी, खिशात बेडूक सोडलास काय?"

राजाबाई अर्ध्या तोंडाने हसली. मग दिवसभर बटण दाबत राहिली.

"आये, बस की आता! आप्पांना नाचवतेस नुसतं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

ते माझे सुखाचे दिवस. कोंडिबा दार लावून आंघोळ करू लागले. फोन पिशवीत घालून दंडाला बांधायचे.

पण मी उघड्यावर होतो. एकदा माझ्या तारांवरून पाल पळाली. कोंडिबांचा जीव हळहळला. त्यांनी लोखंडी पत्रा आणला, कापला, जोडला, त्याची सुबक पेटी केली आणि रंगवली. मला, माझ्या सोबत्याला आणि बॅटरीला आत बसवलं. खाटेशेजारीच बटण दाबून पाहिलं. फोन थरथरला. त्यांनी झाकणावरून मायेने हात फिरवला.

मित्रांनो, तेव्हापासून मी भीतीतच राहिलो. कोंडिबा खाटेपासून लांब गेले की माझा आवाज त्या पत्र्यालाच आपटून परत यायचा.

एका दुपारी ते गॅलरीत कपडे वाळत घालत होते. राजाबाईला ठसका लागला. तिने बटण दाबलं. मी अक्षर फेकलं. तिने पुन्हा दाबलं. मी पुन्हा फेकलं. तिच्या बोटांचा जोर कमी होत गेला, तो मला तारेतून कळत होता. मग बटण दाबायचं थांबलं. आतल्या काळोखात मला काहीच दिसत नव्हतं.

चिमटे संपले म्हणून कोंडिबा आत आले, म्हणून ती वाचली. तिचे ओठ काळेनिळे पडले होते, हे त्यांनी नंतर ज्ञानेश्वरीला सांगितलं तेव्हा मला कळलं.

त्यानंतर त्यांनी खाट सोडली नाही. ना आंघोळ, ना चुलीवर चहा.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी घरी आली. तिने झाकण काढून तारा हलवून पाहिल्या, बॅटरी बदलली, वेग तपासला. फोन घेऊन गॅलरीत गेली आणि राजाबाईला बटण दाबायला सांगितलं. फोन थरथरला. झाकण लावलं, झोपली. सकाळी कोंडिबा मोरीत गेले, तर फोन पुन्हा गप्प. तिने पुन्हा झाकण काढलं आणि पुन्हा सगळं ठीक.

"आप्पा, टेन्शन नका घेऊ. हा मॉड्यूलच गेलाय. फेकून नवीन लावते."

फेकण्याची भीती वाटलीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. नवा येईल, तोही याच पेटीत बसेल, आणि राजाबाई पुन्हा बटण दाबत राहील.

ज्ञानेश्वरी झाकण बसवायला वळली. राजाबाईने डाव्या हाताने ते घट्ट धरलं.

"आये, सोड ना."

"न...को." तिने झाकण पोटाशी ओढलं आणि मानेने कोंडिबांना मोरीकडे जायला सांगितलं. ते गेले. तिने बटण दाबलं. मोरीतून आवाज आला, "आलं! आलं!" मग तिने स्वतःच्या हाताने पेटीवर झाकण सारलं आणि बटण दाबलं. मोरीतून काहीच आलं नाही.

ज्ञानेश्वरीने झाकणावर टिचकी मारून पाहिली. "लोखंड... मी दर वेळी उघडूनच बघत होते गं, आये."

कोंडिबांना दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा ते खाटेपाशी आले. "म्हंजी मीच तुझं तोंड दाबलं व्हय?"

राजाबाईने त्यांचा हात धरून ठेवला.

आता मी प्लॅस्टिकच्या डब्यात आहे. तरी कोंडिबा खोलीबाहेर पडले की मला धडकी भरते. बॅटरी संपली तर? तार सुटली तर? म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. आमची काळजी घ्या, पण आम्हाला उघडून, जवळ बसून तपासू नका. जसे वापरता तसेच ठेवा, दूर जा आणि तिथून बघा, हाक पोचते का. पोचली नाही, तर आम्हाला फेकण्याआधी परत या आणि जी हाक मारतेय तिला विचारा.